माहेरच्या माणसाचा चहा

खरं सांगायचं तर पुष्पाला खोटं बोलायचं नव्हतं. उर्वशीने चष्मा काढला नसता तर ती बोललीही नसती. पण धाकटी जाऊ वकील, यवतमाळच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहणारी. तिने भर घरात, सासूच्या आणि पोटच्या पोरीच्या देखत, चष्मा हातात घेऊन विचारलं की ताई, अर्ज दिले तेव्हा पोच घेतली होती ना. आता यावर थोरल्या जावेने काय म्हणावं? पुष्पा म्हणाली, "घेतली ना. हाय माझ्यापाशी." आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली. भाकरी अजून एका बाजूनेही भाजली नव्हती.

ही मागल्या रविवारची गोष्ट. आज पुन्हा रविवार होता, सुनावणी उद्यावर आली होती, आणि पुष्पाजवळ पोच नव्हती. गेल्या दोन वर्षांत चार अर्ज तिने आपल्या हाताने ग्रामसेवकाला दिले होते, त्यांच्या झेरॉक्स पेटीत होत्या. पण त्यांवर ना शिक्का होता ना सही.

प्रकरण नाल्यावरच्या रपट्याचं, म्हणजे पलीकडे जायच्या ठेंगण्या पुलाचं होतं. वस्ती नाल्याच्या अलीकडे, पंचायत आणि वस्तीचं स्मशान पलीकडे. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, तेव्हा कोणाला काही आठवत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये सासरे उकंडाबाबा गेले तेव्हा नाल्याला छातीभर पाणी होतं. पुष्पाचा नवरा अश्वजित आणि धाकटा दीर राजदीप, दोघे भाऊ पुढच्या बाजूने खांदा देत होते. मधोमध अश्वजितचा पाय सरकला, तिरडी कलली आणि उकंडाबाबांचा एक हात चादरीबाहेर येऊन पाण्याला लागला. तो हात वस्तीतला एकही माणूस विसरलेला नाही. सासू रुखमाबाईने तर त्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं, "मी पावसाळ्यात मरत नाई. काय व्हायचं ते उन्हाळ्यात होऊ द्या."

त्यावर पंचायतीने काय केलं? रस्त्याच्या कामाचा निधी गावाच्या वेशीवर कमान बांधण्यात घातला. उर्वशीने तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, तेव्हा पंचायतीने लेखी कळवलं की सदर वस्तीकडून रपट्याची मागणी आजवर प्राप्त नाही. हे धडधडीत खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे दाखवायला जी एक गोष्ट लागत होती, ती आपल्याजवळ आहे असं पुष्पा सांगून बसली होती. म्हणजे एका खोट्यासमोर दुसरं खोटं उभं होतं, आणि दुसरं घरातलं होतं.

आता पुष्पासारख्या हुशार बाईने पोच का घेतली नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. उर्वशी लग्न होऊन यायच्या आधी वस्तीत कचेरीचं काम निघालं की लोक पुष्पाकडेच यायचे. नंदाबाईची निराधारची पेन्शन तिने चालू करून दिली, कितीतरी जणांची रेशनकार्डं तिने वेगळी करून आणली. "पुष्पाबाईले संगं घ्या" असं म्हणत लोक तिच्या दारात उभे राहायचे. मग राजदीपचं लग्न झालं, तो यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यातून सुट्टीला येताना बायकोला घेऊन यायला लागला, आणि दारात उभे राहणारे तेच लोक म्हणायला लागले, वकीलबाई कधी येनार हाय?

लोकांचं एक वेळ चालेल. पण पायलनेही तेच करावं? सतरा वर्षांची पोर, आईच्या हाताची वेणी सोडून काकूसारखा बाजूला भांग पाडायला लागली. बारावीनंतर वकिलीला जाईन म्हणते. आणि सासू! पुष्पाच्या भाजीला इतक्या वर्षांत चांगली म्हणायला या बाईचं तोंड दुखलं. उर्वशीने एकदा तुरीचं वरण केलं, डाळ टणक राहिली, तर रुखमाबाई म्हणाली, "पोरगी कामाची हाय, सैपाकाचं काय घेऊन बसली." त्या दिवशी पुष्पाने ते टणक वरण दोनदा वाढून घेतलं आणि चावून चावून खाल्लं.

तर सकाळी दहाच्या जीपने उर्वशी आणि राजदीप उतरले. उर्वशीने येताच ओसरीवर फाइल उघडली. दुपारी वस्तीतल्या सगळ्यांना बोलवायचं, उद्या कोण बोलेल ते ठरवायचं, असं तिने सांगितलं, आणि अश्वजित, जो पुष्पाने मीठ आणायला सांगितलं तर संध्याकाळ करतो, तो लगेच चपला घालून निरोप द्यायला निघाला. उर्वशी म्हणाली, "ताई, त्या पोचा काढून ठेवता का? फाइलले लावून घेऊ."

"पेटीत हाय. दुपारी देतो," पुष्पा म्हणाली. मग झेरॉक्स पदराखाली घेतल्या आणि गिरणीवर जाते असं सांगून बाहेर पडली. दळणाचा डबा घरीच राहिला आहे हे तिला नाल्यापाशी आल्यावर कळलं.

रविवार असूनही पंचायतीचं दार उघडं होतं. ग्रामसेवक अमर उद्याची तयारी करत होता. तो पुष्पाच्या माहेरच्या गावचा, शाळेत तिच्या पुढच्या वर्गात. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला पुष्पे म्हणायचा. तिला पाहून तो उठला, खुर्ची पुढे ओढली आणि शिपायाला चहा सांगितला. प्रत्येक वेळी असंच व्हायचं.

पोच न घेण्याचं कारण हीच खुर्ची आणि हाच चहा होता, आणि हे पुष्पाने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा बाप अमरच्या बापाकडे सालदार होता. तिथे त्याच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप ठेवलेला असायचा. चहा वरून ओतायचे, पिऊन झाला की बाप तो कप आपणच धुवायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. लहानपणी पुष्पाने ते कितीदा पाहिलं होतं. त्याच घरातला मुलगा आज तिला टेबलासमोर खुर्ची देत होता, सरपंच पितो त्याच कपात चहा देत होता. पहिल्यांदा तो कप हातात आला तेव्हा तिने बोटाने त्याचा कान चाचपून पाहिला होता. अशा माणसाला शिक्का मार म्हणायचं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगायचं. तिची जीभच वळली नाही.

आज मात्र वळवावी लागली. तिने झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. "अमरदादा, हे अर्ज मी तुह्याच हातात देलते. याच्यावर शिक्के मारून दे. मागच्या तारखायचे."

अमरने कागदांकडे पाहिलंही नाही. आता शिक्के मारले तर उद्या मीच खोटा पडेन, असं तो शांतपणे म्हणाला. मग मी खोटी पडू का, असं तिने विचारलं. त्याने खुर्ची जवळ घेतली.

"तू कायले खोटी पडतं? पोच नाई म्हनून सांग, संपलं. सुनावनी उद्याच बंद होते, वकीलबाई आपल्या लोहाऱ्याले जाते. मंग पुढच्या आराखड्यात मी ठराव घेतो, तुह्या नावानं. रपटा पुष्पाबाईनं आनला असं गाव म्हनन. आता झाला तं कोनाच्या नावानं होईन, तूच सांग."

बाहेरून एखाद्याला हे ऐकून राग आला असता. पुष्पाला आला नाही. उलट तिच्या डोळ्यांसमोर उद्याची कचेरी उभी राहिली. साहेबासमोर उर्वशी, हातात चष्मा, तोंडात शब्द नाही. बाजूला पायल, काकूकडे पाहत आणि मग हळूच आईकडे पाहत. हे चित्र इतकं गोड होतं की पुष्पाने ते थोडा वेळ तसंच राहू दिलं. पावसाळा काय, एक अजून जाईल. रुखमाबाई तर मरणार नाही म्हणतेच आहे.

चहा आला. अमर म्हणाला, आणि त्यात खरी माया होती हेच वाईट, "बाकीच्या बाया उंबऱ्यातूनच वापस जातात, पुष्पे. तुले खुर्ची देतो, चहा देतो. तुह्यासाठी आपन कधी काही कमी केलं का?"

पुष्पाने कप उचलला होता, तो तिने खाली ठेवला. कमी केलं का? खुर्ची पंचायतीची, चहा पंचायतीचा, त्या खुर्चीत बसायचा हक्क तिचा आणि उंबऱ्यातून परत जाणाऱ्या बायकांचाही. मग उपकार तेवढा अमरचा कसा झाला? दर अर्जाला त्याने एकेक कप दिला होता, आणि ती तेवढ्यात खूश होऊन घरी गेली होती. बाप निदान सालभर राबून तो फुटका कप घेत होता. तिने तर सासऱ्याचा हात पाण्याला लागू दिला आणि चहा पिऊन आली. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान तापले.

"येतो मी," ती म्हणाली. चहावर साय धरेपर्यंत ती नाल्यात उतरली होती.

दुपारी ओसरी आणि अंगण माणसांनी भरलं. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे आधी सगळे हात जोडून बसले आणि प्रतिमांसमोर वंदना झाली. वंदना सांगायचा मान नेहमी पुष्पाचा. आज सासूने उर्वशीला सांग म्हणून खूण केली तेव्हा पुष्पा एक रांग मागे सरकून बसली. उर्वशीने खड्या आवाजात पंचशील सुरू केलं. मागून सगळे म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही ते, आणि पुष्पाला ठसका लागला. पायलने पाण्याचा गडू आणला. पुष्पाने पाणी पीत पीत पाचवं, दारू न पिण्याचं शीलही टाळलं, जे टाळायची तिला खरं तर काही गरज नव्हती.

वंदना संपली. उर्वशीने फाइल मांडीवर घेतली. पंचायत काय म्हणते ते वाचून दाखवलं आणि म्हणाली की हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे, अर्ज मिळाल्याच्या पोचा, आणि त्या ताईंजवळ आहेत. साऱ्या वस्तीने पुष्पाकडे पाहिलं. किती दिवसांनी सगळे तिच्याकडे असे पाहत होते.

"पोच नाई माझ्यापाशी," पुष्पा म्हणाली. "कधी घेतलीच नाई."

राजदीप बोलायला लागला की वहिनी, मागल्या रविवारी तर तुम्ही म्हणाल्या. अश्वजितने त्याला हाताने थांबवलं. बायकोकडे पाहून त्याने हळूच एवढंच विचारलं, "मंग काहून म्हटलं?"

पुष्पाने उत्तर नवऱ्याला दिलं नाही, जावेला दिलं. "तुह्यासमोर कमी पडू नोको म्हून. तू आली आनि मले कोनी इचारनं बंद केलं. माह्या पोरीनंबी. जळतो मी तुह्यावर, आता आयकलं सगळ्यायनं. आज सकाळी मी अमरकडे गेलती, खोटे शिक्के मागाले. त्यानं देले असते तं आनले असते, आनि तुले कळूबी देलं नसतं."

पायलने मान खाली घातली. तेवढ्यानेच पुष्पाला रडू आलं, पण तिने ते आलं तसं परत पाठवलं.

उर्वशी चिडली होती, आणि चिडण्यासारखंच होतं. "ताई, मी लिहून दिलं आहे. सुनावनीत पोच सादर करू म्हनून माही सही आहे त्याच्यावर. साहेब मले काय समजतीन? पुढं या कचेरीत माहा शब्द कोन धरन?" पुष्पाला पहिल्यांदाच जाणवलं की या पोरीलाही कोणासमोर तरी कमी पडायची भीती आहे. मग उर्वशीने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "अर्ज देताना तुमच्या संगं कोन होतं?"

"मी होती ना," मागून नंदाबाई म्हणाली. "दोन डाव गेलती. चहाबी पेली. बिस्कुट मात्र कधी नाई देलं त्यानं."

त्यावर वस्तीतले म्हातारे फकिराबाबा खाकरले. तिसऱ्या वेळी ते होते, साखर कमी होती असं त्यांचं म्हणणं. चौथ्या वेळी अश्वजितच दारात गाडीवर बसून होता, त्याला चहा बाहेर आणून दिला होता. बघता बघता अंगणात आवाज वाढला. कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीपाशी, टेबलावरचा कागद अमरने कुठे ठेवला, सगळं निघालं. रुखमाबाईने एवढा वेळ तोंड उघडलं नव्हतं. ती थोरल्या सुनेकडे पाहून म्हणाली, "म्हनजे सारी वस्ती चहा पेऊन आली आनि कागद एकाच्याबी हाती नाई. एकटीच्या अंगावर काहून टाकता?" सासूने आपली बाजू घेतली हे समजायला पुष्पाला जरा वेळ लागला.

उर्वशीने पायलला कागद घ्यायला सांगितला. प्रत्येकाचं म्हणणं लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. उद्या साहेबांसमोर खरं तेच सांगायचं, पोच नाही म्हणून आधी आपणच सांगायचं. आणि सोबत नवा अर्ज करायचा. "पहिलं नाव कोनाचं टाकू, काकू?" पायलने विचारलं.

"ज्यानं आधीचे चार अर्ज देले, त्याचं," उर्वशी म्हणाली.

पायलने आईचं नाव लिहिलं. एवढं झाल्यावर हे असं मोठं मनही या जावेकडेच असावं, याचाही पुष्पाला हेवा वाटला.

सोमवारच्या सुनावणीचं फार सांगण्यासारखं नाही. साहेबांनी पोच मागितली, पुष्पाने नाही म्हणून सांगितलं, आणि का नाही तेही सांगितलं. खुर्ची, चहा, सगळं. कान तुटलेल्या कपाचं मात्र सांगितलं नाही, ते तिचं होतं. भिंतीपाशी बसलेले दोघेतिघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी साक्षी वाचल्या, अमरकडे वळले आणि विचारलं, "अर्ज आलाच नाही, तर ही माणसं चार वेळा कशाचा चहा पिऊन गेली?" अमर समोरच्या रजिस्टरची पानं उलटायला लागला.

तरी रपटा काही त्या टेबलावर झाला नाही. साहेब म्हणाले की साक्षी नोंदीला घेतो, नाल्याची पाहणी लावतो, पण मागणीचा पुरावा आजपासून धरावा लागेल. आजच पंचायतीत अर्ज द्या, पोच घ्या. मुदतीत काही झालं नाही तर ती पोच घेऊन इथे या, इथे झालं नाही तर जिल्ह्याला जा, तिथेही वर अपील आहे. पंचायतीने अर्ज स्वीकारला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. उर्वशी लिहून घेत होती. पुष्पा लिहीत नव्हती, पण तिच्या डोक्यात एकेक शब्द बसत होता.

परतीच्या जीपमधून दोघी जावा आणि पायल थेट पंचायतीपाशी उतरल्या. अमर मोटरसायकलने आधीच पोचला होता. पुष्पा आत आली तशी त्याची जुनी सवय जागी झाली, की त्याला दुसरं काही सुचलं नाही कोण जाणे. तो उठला आणि खुर्ची पुढे ओढली. शिपाई काही न सांगताच चहा घेऊन आला. उंबऱ्यात उभ्या असलेल्या उर्वशीला कोणी या म्हटलं नाही.

पुष्पाने आधी उर्वशीला आत बोलावलं आणि ती खुर्ची तिला दिली. पायलसाठी भिंतीजवळची दुसरी ओढली. आपण टेबलाजवळ उभी राहिली आणि अर्ज दोन प्रतींत समोर ठेवला.

"ठेवून जा, पुष्पे," अमर म्हणाला. "चहा थंडा होऊन राह्यला."

"चहा नोको, दादा. पोच दे."

अमर तिच्याकडे पाहत राहिला. नजर चुकवायची तिलाही गेल्या आठवड्यात सवय झाली होती, पण तिने चुकवली नाही. टेबलाचा खण उघडला, शाईची डबी निघाली. शिक्का जरा वाकडाच उमटला, खाली सही झाली, तारीख पडली. पुष्पाने कागद उचलून उजेडाकडे धरला. गोल शिक्क्यात गावाचं नाव होतं आणि वर, अर्जदार म्हणून, तिचं.

उर्वशीने फाइल उघडली आणि हात पुढे केला. "द्या ताई, लावून घेते."

पुष्पाने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि ती ब्लाउजमध्ये खोचली.

"तुले झेरॉक्स देईन," ती म्हणाली.